मदत हवी आहे: इंग्रजी वाक्प्रचार कुणापुढे वापरायचा, हे खेळातून शिकवता येतं का?

लेक आठवीत, सेमी-इंग्रजीला. धाकटा पाचवीत. जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर मी एकेक इंग्रजी वाक्प्रचार लिहिलाय. एकानं त्याचं शब्दशः चित्र काढायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. लेकीनं ताटभर घेवडा सांडलेला काढला, तर धाकट्याचं उत्तर, "आई भाजी निवडतेय!" धमाल येते, अर्थही डोक्यात राहतात.

पण गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता. लेकीचं इंग्रजीतून भाषण. त्यात बाईसाहेबांनी हौसेनं घातलं, 'अवर सर इज लाँग इन द टूथ'. चूक माझीच, खेळाच्या पत्त्यावर मी नुसतं 'वयस्कर' लिहिलेलं, हे थट्टेनं म्हणतात ते लिहिलंच नाही. मूळ घोड्यांचं आहे: वय झालं की हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसतात. सर हसले बिचारे, इंग्रजीच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जोडून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, तोही आणून पाहिला. क्यूला 10 गुण, म्हणून पोरं 'क्यूआय' लावून मोकळी. अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. उलट 'मंगूस' हा शब्द आपल्या मुंगसावरून इंग्रजीत गेलाय एवढं सांगितलं, तर धाकटा तो अनेकवचनासकट विसरत नाही. (मंगूसेस. मंगीस नव्हे!)

ॲप सुचवू नका प्लीज. घरात मोबाईल एकच, तोही दिवसभर ह्यांच्याकडे.

प्रतिसाद 1:
ताई, बिस्किटांचे तीन रिकामे डबे घ्या. एकावर 'दोस्तांत', दुसऱ्यावर 'मोठ्यांपुढे', तिसऱ्यावर 'पेपरात'. पत्ता उचलायचा, डब्यात टाकायचा आणि कारण सांगायचं. अडलं तर आधी तेच मराठीत बोलून बघायचं. 'बटर अप' म्हणजे आपलं लोणी लावणंच. सरांच्या तोंडावर "तुम्हाला लोणी लावतोय" म्हणतो का आपण?

धागाकर्ती:
काल रात्री खेळलो. 'लाँग इन द टूथ' लेकीनं न बोलता पहिल्या डब्यात टाकला. 'पीस ऑफ केक' (म्हणजे एकदम सोपं) वरून मात्र भांडण. ती म्हणते दोस्तांत, धाकटा म्हणतो पेपरात, कारण गणिताचा पेपर त्याला खरंच तसा गेला. कुठल्या डब्यात टाकू?

प्रतिसाद 2:
दोस्तांत. निबंधात 'व्हेरी ईझी' पुरे. पण धाकट्याला अर्धा गुण द्याच.