स्वतःचं छोटं एफएम स्टेशन काढायचंय, लायसन्स कोण देतं?

मधलीसुट्टी:
मंडळी, आम्ही सहा-सात जणी दोन वर्षं पॉडकास्ट करतोय, ऐकणारे आहेत पण सगळे पुण्यामुंबईचे, ज्यांच्यासाठी करतो त्या आसपासच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काही ते पोचत नाही, त्यांच्याकडे बटणांचा फोन, पण एफएम त्यात असतंच. म्हणून स्टेशनचं डोक्यात घेतलंय. ट्रान्समीटर ऑनलाइन मिळतोय, कार्टमध्ये टाकून ठेवलाय. किती खर्च, कुणाकडे जायचं? गावातल्या बातम्या पण द्यायच्यात.

जुनाट अँटेना:
आधी तो कार्टमधून काढा ताई, परवान्याशिवाय लावलात तर थेट गुन्हा आहे. खाजगी एफएमचे चॅनल लिलावात जातात, तो आपला प्रांत नाही. तुमच्यासाठी कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आजूबाजूच्या लोकांसाठी ना-नफा चालवलेलं छोटं स्टेशन. पण तो मैत्रिणींच्या ग्रुपला देत नाहीत, नोंदणीकृत ना-नफा संस्था हवी आणि तिचं किमान 3 वर्षांचं काम हवं. 2006 च्या आधी तर तेही नव्हतं, फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचं. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरून. ताकद साधारण 100 वॅट, टॉवरची उंची 30 मीटरच्या आत, म्हणजे आजूबाजूची पाचदहा किलोमीटर धरा. डोंगर मध्ये आला की संपलं.

तिसरी घंटा:
लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे मंत्रालयाचं तत्त्वतः होकाराचं पत्र, आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कुणी सांगितलंच नाही की ते लायसन्स नव्हे. त्यानंतर फ्रिक्वेन्सी, टॉवरची क्लिअरन्स, मंत्रालयाशी करार, मग कुठे वायरलेसचं, म्हणजे ट्रान्समीटर चालवायचं लायसन्स. त्यात आमच्याच पोराने अर्जात टॉवरच्या जागेच्या अक्षांशाचा एक आकडा चुकवला आणि कागदावर आमचा टॉवर तलावाच्या मधोमध उभा राहिला, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो आकडा तिघांनी वेगवेगळा तपासा, हात जोडून सांगतो.
आणि बातम्या विसरा. आकाशवाणीच्या जशाच्या तशा किंवा भाषांतर करून लावता येतात, स्वतःच्या नाही. हवामान, परीक्षेचे निकाल, पाणी-विजेची प्रशासनाने दिलेली सूचना चालते. म्हणजे "उद्या पाणी येणार नाही" एवढं सांगायचं, का येणार नाही हे विचारलंत की ती बातमी झाली. मला हे अजिबात पटत नाही, पण नियम आहे.

ओवीवाली:
कागदं होतात हो कशीतरी. खरी गोची रोजचे तास भरण्यात आहे, निदान अर्धा कार्यक्रम स्थानिक माणसांनी केलेला लागतो. आम्ही जात्यावरच्या ओव्या घ्यायला गेलो, पंखा बंद, दारंखिडक्यांना गोधड्या, आणि आजी माइक बघितला की हसायलाच लागायची, चौथ्या दिवशी माइक पदराखाली लपवला तेव्हा कुठे गायली. दहा मिनिटांची ओवी, चार दिवस! जाहिराती 2024 च्या नियमांनी तासाला 12 मिनिटं घेता येतात, सरकारी जाहिरातींचा दर 10 सेकंदांना 74 रुपये, पण त्यावर पगार निघेल असं समजू नका. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला एकदा जाऊन बघा, बायकांसाठी काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे ते.

मधलीसुट्टी:
बापरे, ट्रान्समीटर काढला कार्टमधून. आमच्यातल्या एकीच्या काकूंचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे, बारा-तेरा वर्षं झाली असतील. हिशेबाच्या वह्या काकूंच्या ट्रंकेत असतात आणि किल्ली कमरेला. रविवारी जाते.