घरातल्या घरात मुलांसाठी दहा मिनिटांत न संपणारे उद्योग सुचवा

रिकामा_खोका

घरात दोन मुलं आहेत, धाकटं ३ वर्षांचं आणि थोरलं ७ वर्षांचं. बाहेर जाता येत नाही अशा दिवसांसाठी घरच्याच सामानात होणारे उद्योग हवे आहेत. याद्या ढिगाने मिळतात, पण मांडामांड अर्धा तास आणि खेळ दहा मिनिटं, असं होतं. नेमके प्रश्न:

१) पिठाची खेळायची माती (प्ले-डो) हाताला चिकटते. वरून पीठ घातलं की दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. प्रमाण काय घ्यावं?
२) भांड्यांच्या लिक्विडचे फुगे नळीतून सुटायच्या आतच फुटतात.
३) दोघांना एकत्र गुंतवणारं काही आहे का? थोरल्याला जमतं ते धाकट्याला जमत नाही, मग मोडतोड आणि रडारड.

---

पीठमीठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माती शिजवलेली नाही, म्हणून चिकटते. कच्च्या पिठात पाणी मोकळंच राहतं. आच लागली की पिठातला स्टार्च फुगतो आणि ते पाणी धरून ठेवतो. न शिजवता करायच्या कृती सगळीकडे सापडतात, पण ती माती तासाभराची सोबती.

प्रमाण: १ कप मैदा, अर्धा कप बारीक मीठ, १ कप पाणी, १ मोठा चमचा तेल, २ लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पांढरी पूड). ते नसेल तर ४ लहान चमचे लिंबाचा रस घाला आणि तेवढं पाणी कमी करा. रंग पाण्यातच मिसळा. नंतर मळताना घातला तर आधी तुमचे हात रंगतात.

सगळं थंड असतानाच जाड बुडाच्या पातेल्यात कालवा आणि गुठळ्या मोडून घ्या. मग मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. आधी खळ होते, मग कडेने सुटायला लागते आणि तीन-चार मिनिटांत पातेलं सोडून एकच गोळा होतो. घाई इथेच होते. बाहेरून गोळा दिसला तरी मध्ये ओलसर चकाकी असेल तर अजून मिनिटभर ठेवा. ओट्यावर काढा, हाताला सोसवेल इतकं निवू द्या आणि पाच मिनिटं नीट मळा. आचेपाशी मुलं नकोत. मळायला मात्र जरूर बोलवा, तोही खेळच आहे.

चिकटली तर पीठ घालू नका, परत मिनिटभर आचेवर धरा. भेगा पडल्या तर ओल्या हाताने मळा, पाणी ओतू नका. पूर्ण निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, नाहीतर वाफेचं पाणी परत मातीवर बसून वरचा थर लगदा होतो. हवा दमट असली की मीठ ओल ओढतं आणि चांगली मातीही चिकट लागते. अशा वेळी तळहाताला तेलाचा थेंब पुरतो. बुरशी दिसली किंवा वास आला की टाकून द्या.

घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. यातलं मीठ त्याच्यासाठी खरोखर धोक्याचं आहे.

आणि साचे देऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. साच्यातून मासा निघाला की मासा झाला, खेळ संपला. त्याऐवजी काटा, जुना कंगवा, खडबडीत कापड, लसूण दाबायचं यंत्र द्या. कंगव्याने उमटलेल्या रेघा हाताने पुसायच्या आणि परत उमटवायच्या, एवढ्यावर ३ वर्षांचं मूल बराच वेळ बसतं.

---

साबणपाणी

फुग्यांसाठी ६ कप पाणी, १ कप भांड्यांचं लिक्विड आणि १ मोठा चमचा ग्लिसरीन. ग्लिसरीन नसेल तर थोड्या कोमट पाण्यात २ मोठे चमचे साखर विरघळवून घाला. हळू ढवळा, फेटू नका. रात्रभर ठेवता आलं तर उत्तम.

फुगा म्हणजे साबणाच्या दोन थरांमध्ये कोंडलेलं पाणी. ते पाणी खाली ओघळतं, वाळतं, आणि पडदा पातळ होऊन फुटतो. ग्लिसरीन किंवा साखर हे वाळणं लांबवते. पंखा बंद ठेवा. आंघोळीनंतरच्या दमट न्हाणीघरात तेच पाणी जास्त चांगलं चालतं. फक्त फरशी निसरडी होते, म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा.

नळीतून सुटायच्या आत फुटतात याचं कारण बहुधा वर तरंगणारा फेस. बुडवण्याआधी तो तळहाताने बाजूला सारा. नळीचं टोक कोरडं राहिलं तरी तेच होतं. कोरडं काहीही पडदा फाडतं. थोरल्याला हे करून दाखवा: कोरडं बोट लावलं की फुगा फट्, तेच बोट साबणपाण्यात बुडवून लावलं तर आरपार जातं आणि फुगा शाबूत.

मोठे फुगे हवे असतील तर दोन स्ट्रॉमधून साधारण ६० सेंमी सुती दोरा ओवून गाठ मारा. स्ट्रॉ दोन हातांत धरले की चौकट तयार. ती पसरट ताटात बुडवा, अलगद उचला आणि फुंकण्याऐवजी हवेतून ओढा. शेवटी दोन्ही स्ट्रॉ जवळ आणले की फुगा सुटतो. दोरा सुतीच घ्या, नायलॉन पाणी पीत नाही.

धाकटं मूल नळीतून फुंकण्याऐवजी ओढतं. नळीच्या मधोमध सुईने एक-दोन भोकं पाडा. फुंकणं जमतं, पण ओढलं तर तोंडात बहुतेक हवाच येते. तरी समोर बसाच.

---

घडीवर_घडी

तिसऱ्या प्रश्नासाठी माझं मत: दोघांना एकच काम देऊ नका. एकाच गोष्टीतली दोन वेगळी कामं द्या. कागदी पूल यासाठी फार सोयीचा. थोरला अभियंता, धाकटा वजन ठेवणारा. पूल कोसळला की धाकट्याला आनंद आणि थोरल्याला नवं काम, म्हणजे मोडतोड हाच खेळाचा भाग.

पुस्तकांचे दोन सारख्या उंचीचे ढीग २० सेंमी अंतरावर ठेवा आणि वर साधा ए-४ कागद आडवा टाका. लाकडी ठोकळा ठेवताच तो लवतो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या, साधारण १ सेंमीच्या उलटसुलट घड्या घाला. तोच कागद, पण आता कितीतरी ठोकळे पेलतो, कारण वाकवायला कागदाची जाडी नाही, घडीची उंची मोडावी लागते. बहुतेक मुलं एक चूक करतात: घड्या पुलाच्या लांबीला आडव्या घालतात. घड्या या ढिगाकडून त्या ढिगाकडे धावल्या पाहिजेत, नाहीतर पूल पेटीच्या भात्यासारखा उघडतो. ही चूक लगेच सांगू नका.

पुढची अडचण म्हणजे वजन आलं की घड्या बाजूला पसरतात. त्यावर खालून कागदाची पट्टी चिकटवायची. ती युक्ती थोरल्याला स्वतःला सुचेपर्यंत अर्धा तास सहज जातो. वजनाला नाणी नकोत, धाकटा तोंडात घालेल. ठोकळे, चमचे चालतील.

जमिनीवर मास्किंग टेपचे रस्ते हा दुसरा जोडीचा उद्योग. टेप त्याच दिवशी काढा, राहिली की डिंक फरशीला धरतो.

---

नंतर_आवरणारा

वरचं सगळं पटलं. पण मांडामांड जास्त आणि खेळ कमी याचं एक कारण खूप सामान हेही असतं. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी छोट्या मुलांना कधी ४ तर कधी १६ खेळणी देऊन पाहिलं. ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. त्यामुळे कंगवा, काटा, कापड यांतलं एका वेळी एक-दोनच काढा.

आणि ३ वर्षांचं मूल आहे म्हणून: टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू त्याच्या हाती नको. पाण्यात फुगणारे जेलचे मणी घरातच आणू नका, गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात. बटण सेल आणि फुटक्या रबरी फुग्यांचे तुकडेही तसेच धोक्याचे. खेळून झालं की बादली लगेच रिकामी करा, थोडं पाणीही लहान मुलाला बुडवू शकतं.

---

रिकामा_खोका

सगळ्यांचे आभार. माती आजच शिजवतो. कॉर्नफ्लोअर आणि पाण्याचं ते दाबलं की घट्ट, सोडलं की पातळ होणारं मिश्रण कोणी सांगितलं नाही. टाळण्यासारखं आहे का?

---

पीठमीठ

छे, दोघांनाही आवडेल. २ कप कॉर्नफ्लोअरला १ कप पाणी, पण पाणी थोडं थोडं घाला. बोट हळू घातलं तर बुडलं पाहिजे आणि मूठ मारली तर अडली पाहिजे. नुसतं पातळ लागलं तर कॉर्नफ्लोअर वाढवा. पाच मिनिटं तसंच राहिलं की पीठ तळाशी बसतं आणि मुलं म्हणतात "बिघडलं". बिघडत नाही, तळापासून खरवडून ढवळा.

फक्त मोरीत ओतू नका, पाईपमध्ये बसून तुंबतं. ताटात वाळू द्या आणि भुगा कचऱ्यात टाका. सतरंजीवर सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, वाळल्यावर ब्रशने झटकलं की निघतं.