मैदान नसताना जिंकलेला संघ: इमॅक्युलाटाची गोष्ट कोणी, कशासाठी सांगावी?

माजी खेळाडू, रत्नागिरी:
पावसाळ्यातील सरावासाठी छप्पर असलेले मैदान मिळावे, असा अर्ज येथील एका महाविद्यालयातील बास्केटबॉलच्या मुलींनी दिला, तेव्हा उत्तरादाखल त्यांना इमॅक्युलाटाची गोष्ट ऐकवण्यात आली. पेनसिल्व्हेनियातील या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाची (आज ते विद्यापीठ आहे) व्यायामशाळा १९६७ साली आगीत जळाली. तरीही त्यांच्या मुलींनी १९७२ साली महाविद्यालयीन महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि पुढील दोन्ही वर्षे ते राखले. इतिहास खरा आहे, परंतु मागणी टाळण्यासाठी तो सांगणे हा मुलींवर अन्याय आहे.

निवृत्त क्रीडाशिक्षक, दापोली:
ताई, मागणी रास्त आहे, पण त्या गोष्टीवर राग धरू नका. विभागीय अंतिम सामन्यात वेस्ट चेस्टरकडून ३२ गुणांनी हरलेल्या या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धेसाठी इलिनॉयला जाता यावे म्हणून टूथब्रश विकले, पैसे पुरेनात म्हणून आठच जणी गेल्या, आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याच वेस्ट चेस्टरला त्यांनी ५२-४८ असे नमवले. प्रशिक्षक कॅथी रश यांचे पहिल्या हंगामाचे मानधन अवघे ४५० डॉलर होते. ‘आमचे कॉलेज लहान’ असे म्हणत आपल्या मुली सामन्याआधीच हरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्यांना हे सांगायचे नाही काय?

माजी खेळाडू, रत्नागिरी:
सर, जरूर सांगावे, पण १९७४ वर थांबू नये. १९७५ आणि १९७६ साली त्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटकडून हरल्या. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या अमेरिकी कायद्यानंतर मोठी विद्यापीठे हळूहळू महिला संघांवर खर्च करू लागली, शिष्यवृत्त्या देऊ लागली, आणि इमॅक्युलाटासारखी महाविद्यालये मागे पडली. जिद्द संपली नव्हती; साधने दुसरीकडे गेली होती. आमच्याकडे जुलैत सिमेंटच्या मैदानावर शेवाळ धरते, भिजलेला चेंडू टप्पा पडल्यावर गुडघ्यापर्यंतही उठत नाही, आणि उडी मारून खाली आलेल्या मुलीचा पाय सटकला की तिचा हंगाम तिथेच संपतो. टूथब्रश विकून प्रवासखर्च निघेल, छप्पर उभे राहणार नाही.

विद्यार्थिनी, मालवण:
मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इमॅक्युलाटा आणि क्वीन्स कॉलेज यांचा सामना पाहायला सुमारे १२,००० लोक आले होते. आमच्या सामन्याला घरचेसुद्धा येत नाहीत. गावात रात्री कबड्डी असली की मात्र उभे राहायला जागा नसते. आधी माणसे जमवू या. भरलेल्या मैदानाची मागणी सहजासहजी डावलता येत नाही.

माजी खेळाडू, रत्नागिरी:
बाळ, शेवाळावर घसरणाऱ्या मुलींचा खेळ पाहायला माणसे कशी जमणार? आधी पायाखालची जमीन हवी.

निवृत्त क्रीडाशिक्षक, दापोली:
शेवाळाचा मुद्दा मला मान्य आहे. अर्जाची प्रत पाठवा, मी सही करतो. गोष्ट मात्र मी मुलींना सांगत राहणार, यापुढे १९७६ पर्यंतची.