ग्रॉसमन यांच्या ओफेरमध्ये ऊरी शोधू नये

कातरवेळ (धागाकर्ता)

(कथानक उघड होतं आहे. कोरं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.)

इस्रायली कादंबरीकार दाविद ग्रॉसमन यांच्या 'टू द एंड ऑफ द लँड' या कादंबरीबद्दल बोलणं निघालं की ते त्यांच्या मुलापासूनच निघतं. १२ ऑगस्ट २००६ रोजी दक्षिण लेबनॉनमध्ये रणगाड्यावर क्षेपणास्त्र आदळून हा मुलगा, ऊरी, गेला, वय २०. दोनच दिवस आधी ग्रॉसमन, आमोस ओझ आणि ए. बी. येहोशुआ या तीन लेखकांनी युद्धविरामाची जाहीर मागणी केली होती. कादंबरी मे २००३ पासून लिहिली जात होती, ऊरी गेला तेव्हा बरीचशी लिहून झाली होती, आणि २००८ साली ती हिब्रूत आली. हे सगळं खरं आहे. तरी माझं म्हणणं असं, की पहिल्या वाचनात हे बाजूला ठेवावं, कारण त्याने कादंबरीचा मधला कणाच वाचकाच्या हातून निसटतो.

कादंबरीत ओफेर या तरुणाची लष्करी सेवा संपते आणि त्याच दिवशी तो २८ दिवसांच्या मोहिमेसाठी आपणहून परत जातो. ओरा, त्याची आई, घर सोडून गॅलिलीच्या डोंगरात चालायला निघते. मृत्यूची बातमी घेऊन माणसं दारात आली आणि दार उघडायला कुणी नसलं, तर बातमी पुरी होणार नाही, ही तिची समजूत. सोबत आव्राम, १९७३च्या युद्धात इजिप्तच्या कैदेत छळ सोसलेला, ओफेरचा जन्मदाता, ज्याने मुलाला कधी पाहिलेलंही नाही. ती चालता चालता त्याला ओफेर सांगत राहते.

त्या सांगण्यात एक प्रसंग आहे. हेब्रॉनमध्ये एका म्हाताऱ्या पॅलेस्टिनी माणसाला तळघरातल्या मांसाच्या शीतखोलीत कोंडलं गेलं आणि सैनिक त्याला विसरले. त्या सैनिकांत ओफेर होता. ओरा त्यावर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते, आणि घर फुटण्यात त्या प्रश्नांचाही वाटा आहे. हाच ओफेर लहानपणी, मांस गाईचं असतं हे कळल्यावर, मांस खायचं सोडतो. लेखकाने हे दोन प्रसंग एकाच मुलाच्या आयुष्यात ठेवले आहेत. ओफेरच्या जागी ऊरी दिसू लागला की वाचक शीतखोलीपाशी पाय उचलून पुढे जातो. मेलेल्या मुलाचा हिशेब कोण मांडणार?

नीरक्षीर

साफ असहमत. ऊरीबद्दलचं टिपण लेखकाने स्वतः पुस्तकाच्या शेवटी छापलंय. आपण लिहितोय ते पुस्तक ऊरीचं रक्षण करील अशी इच्छा मनात होती, असं त्यात सरळ म्हटलंय. ओरा बोलून मुलाला जिवंत ठेवू पाहते, लेखक लिहून. ही समांतर रेघ पुस्तकाच्या आतलीच आहे, तुम्ही ती पुसायला सांगताय.

आणि शीतखोलीचं उलट आहे. शिवा, म्हणजे सुतकाचे सात दिवस, संपल्यावर ते त्याच हस्तलिखिताकडे परतले. शेवटचा खर्डा त्यानंतरचा. शोकात असलेल्या बापाला तो प्रसंग काढून टाकणं सहज शक्य होतं. त्याने तो ठेवला. हे माहीत असल्यावर तो प्रसंग हलका होतो की जड?

कातरवेळ

जड होतो, मान्य. पण तो दुसऱ्या वाचनात. टिपण शेवटी छापलंय, म्हणून शेवटीच वाचावं, एवढंच मागणं आहे. मुलाच्या मृत्यूची बातमी हा ग्रॉसमन यांचा विषय २००६ मध्ये सुरू झालेला नाही, हेही विसरू नका. १९८३ सालच्या पहिल्या कादंबरीत, 'द स्माइल ऑफ द लॅम्ब'मध्ये, गुहेत राहणाऱ्या हिल्मी या म्हाताऱ्याला त्याच्या मानलेल्या मुलाच्या, याझ्दीच्या, मृत्यूची बातमी मिळते. बाप पॅलेस्टिनी आहे, आणि त्याच्या तावडीत सापडतो तो इस्रायली सैनिक. त्या सैनिकाचं नाव ऊरी. लेखकाचा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. चरित्राची किल्ली लावायची म्हटली तर इथे ती कुलपात जातच नाही.

पैलतीर

तुम्हा दोघांचं भांडण घरातलं चाललंय. सामी कुठे गेला? ओफेरला सैन्याच्या जमावाच्या ठिकाणी सोडायला ओरा गाडी बोलावते ती तिच्या नेहमीच्या अरब चालकाची. आपल्याच माणसांवर चालून जाणाऱ्या मुलाला पोचवायला आपण सामीला लावलंय, हे तिच्या लक्षातच येत नाही, आणि येतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्या रात्री सामीची बाजू थोडीफार दिसते, मग तो कादंबरीतून निघून जातो. शीतखोलीतल्या म्हाताऱ्याचं तर सगळं आपल्याला ओराकडूनच कळतं, त्याचं दुःख तिच्या सदसद्विवेकाचं माप म्हणून येतं. १९८७ मध्ये 'द यलो विंड'साठी वेस्ट बँकमध्ये फिरून लोकांचं ऐकून लिहिणारा लेखक इथे त्यांना बोलू देत नाही. चरित्र आधी वाचा की नंतर, ही उणीव तशीच राहते.

नीरक्षीर

सामीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण कादंबरी जवळजवळ सगळी ओराच्या जाणिवेला बांधलेली आहे. तिला न दिसणारं आपल्याला दिसावं, म्हणूनच गाडीतला तो प्रवास इतका लांबवलाय. लेखक तिला पाठीशी घालत नाही.

पैलतीर

तिला पाठीशी घालत नाही, हे खरं. तरी पानं मोजलीत तर सामीच्या वाट्याला फार थोडी येतात. हिल्मीला १९८३ मध्ये स्वतःचा आवाज होता.

गोदाकाठ

वाचायला घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बरेच जण पहिल्या भागातच पुस्तक सोडतात. तो १९६७चा आहे. जेरुसलेमच्या रुग्णालयात वेगळ्या ठेवलेल्या कक्षात ओरा, आव्राम आणि इलान (पुढे ओराचा नवरा) हे तिघं तापाने फणफणलेले, बाहेर युद्ध, आत अंधार. संवाद तुटक, कोण बोलतंय ते सांगितलेलं नाही. इथे पेन्सिल घेऊन नावं लिहीत बसू नका, एका बैठकीत वाचून काढा. गोंधळ तापाचाच आहे. पुढे १९७३ची चिठ्ठी येते: आव्राम आणि इलान फोन करून ओराला दोन नावांतून एक उचलायला सांगतात, कशासाठी ते न सांगता, आणि त्या चिठ्ठीपायी आव्राम मागे राहून कैदेत जातो. ते वाचून झालं की परत पहिल्या भागाकडे या. तेव्हा अंधारातले आवाज ओळखू येतात.

इंग्रजी शीर्षकात मूळ शीर्षक पार हरवलंय हेही सांगायला हवं. हिब्रूत ते 'इशा बोराखात मि-बसोरा' आहे, 'बसोरा'पासून पळणारी बाई. बसोरा म्हणजे बातमी, आणि मुख्यतः चांगली. ख्रिस्ती शुभवर्तमानालाही हिब्रूत हाच शब्द. बातमी वाईट असेल तर 'ईयोबाची बसोरा' म्हणतात. शिवाय बसोरा आणि मांस या अर्थाचा 'बासार' हे दोन्ही शब्द बेत-शिन-रेश याच तीन अक्षरांवर उभे आहेत. शीतखोली आणि मांस सोडणारा मुलगा आठवा. ओफेर म्हणजे हरणाचं पाडस.

मराठीत करायचं तर मी 'वर्तमान' घेईन. जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे बातमीच, शुभवर्तमान त्यातूनच आलं. आणि ओरा वर्तमानकाळापासूनही पळतेच आहे.

कातरवेळ

बसोरा आणि बासार माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझा मुद्दा त्याने पक्का होतो: हे सगळं भाषेतून हाती लागतं, मृत्यूच्या तारखेतून नाही. नीरक्षीर यांची रेघ मला पटते ती २०११च्या 'फॉलिंग आउट ऑफ टाइम'ला. तिथे मुलगा गेलेला बाप पाच वर्षांनी उठून 'तिकडे' जायला निघतो आणि गावाभोवती फेऱ्या मारत राहतो. सोबत जाळी विणणारी, चांभार, सुईण, गणिताचा म्हातारा शिक्षक, सगळे मूल गमावलेले. एक लेखक आहे, त्याचं निम्मं शरीर मेज झालंय. ते पुस्तक ऊरीशिवाय वाचा, असं मी कुणाला म्हणणार नाही.

नीरक्षीर

मग क्रम उलटा लावा. आधी २०११चं, मग २००८चं. मी तसाच सांगेन, तुम्ही सांगणार नाही, असू द्या.

'वर्तमान'ला मात्र माझी हरकत आहे. आजचा वाचक त्यात फक्त काळ वाचील, बातमी त्याला ऐकू येणार नाही. 'सांगावा' घ्या. सांगावा आणायला माणूस लागतो आणि घ्यायलाही माणूस लागतो. घ्यायला घरात कुणी नसेल तर तो पोचलाच नाही, ओराचा सगळा हिशेब एवढाच आहे.