ढिवरांचा वारसा: डोंगा जपायचा की तलाव?

पाळीवरून:
कोकणात कोळ्यांच्या होड्यांना, नारळी पौर्णिमेला वारशाचा मान आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, ढिवरांनाही, तिथल्या मासेमार समाजालाही, तो मिळायलाच हवा. पण आपल्याकडं वारसा म्हटलं की जुना डोंगा (लाकडी होडी) रंगवून ग्रामपंचायतीपुढं ठेवायची गोष्ट निघते. माझं मत सरळ आहे, पैसा आधी मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या काठावर लावा. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळींनी बांधला. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली आणि असे तलाव सरकारकडं आले. तेव्हापासून पाळ (बांध), तुडूम (पाणी सोडायचं दार), सांडवा एवढंच मोजलं जातं. उथळ काठ कुणाच्याच हिशेबात नाही. मरळ मासळी नेमकी तिथंच वीण घालते. गवतात गोल मोकळी जागा करते, अंडी वर तरंगतात, नरमादी राखण करतात. तो काठ आज बेशरमच्या झुडपांनी गिळलाय.

बोटुकली:
भाऊ, तलावाच्या लीजची रक्कम मरळीच्या घरट्यातून निघत नाही. मच्छीमार संस्थेचे सभासद कतला, रोहू, मृगलवरच जगतात. कतला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. ४:३:३ प्रमाणात सोडले तर सगळं पाणी कामी येतं. मरळ वाढवली तर तीच आपण सोडलेलं लहान बीज, म्हणजे पिल्लं, फस्त करते. डोंग्याबद्दल म्हणाल, तर नव्या पिढीला तो निदान बघायला तरी मिळू द्या. त्यात वाईट काय?

देवधान:
बोटुकली, थरांचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला. हे तिन्ही मासे साचलेल्या तलावात वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरींनी इंजेक्शननं त्यांची वीण करवली, त्यातून बीजकेंद्रं उभी राहिली. म्हणजे दरवर्षी बीज विकत. मरळ, मांगूर, शिंगी तलावातच वाढतात, बीजाचा खर्च शून्य. हवेतला श्वास घेतात म्हणून ओल्या पोत्याखाली जिवंत बाजारात जातात, बर्फ लागत नाही. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला याचा अर्थ विचारा.

मरळ बीज खाते हे खरं. म्हणून जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, सोडू नका, ८०–१०० मिलिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडा. बीजाची पिशवी १५–२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडंथोडं आत घ्या. भर दुपारी सरळ ओतलं की पाण्याच्या फरकानं पिल्लं मरतात, आणि दोष मरळीवर जातो.

आता काठ. बेशरम नुसती कापू नका, ओल्या चिखलात पडलेला प्रत्येक तुकडा मुळं धरतो. उन्हाळ्यात पाणी हटलं की मुळासकट उपटा, पाळीपलीकडं वाळवा, मग जाळा. जेसीबीनं सरसकट गाळ काढणं त्याहून वाईट. कमळाचे कंद, देवधानाचं (रानटी धानाचं) बी, हायड्रिलाची मुळं गाळाबरोबर शेतात जातात आणि काठ उभा तुटतो. मधला गाळ काढा, काठाचा उतार सोडा. कुठलं झाड कुठल्या खोलीवर येतं, हे जुन्या ढिवर बायामाणसांना ठाऊक आहे. माझ्या लेखी वारसा तोच.

धानवाला:
दोघंही पाण्याचा धनी विसरलात. धान गर्भात आला की तुडूम उघडावंच लागतं. एक पाणी चुकलं की अख्खी बांधी (धानाचं शेत) पोचट होते.

देवधान:
काकाजी, धानाला पाणी द्यावंच. पण तुडुमाच्या खालचं पाणी पंप लावून उपसू नये, एवढीच मागणी. ते गेलं की सगळा मासा एका आठवड्यात बाजारात येतो आणि भाव पडतो.

धानवाला:
पंपाचं मान्य. पण मग संस्थेनंही मासे धरायला मधेच तुडूम उघडू नये.

बोटुकली:
काठाचं मीही मान्य करतो, निदान एका बाजूचा काठ राखून बघू. पण मोठ्या बोटुकलीला पैसा जास्त लागतो आणि तो पावसाच्या तोंडावरच लागतो. संस्थेकडं तेव्हा खडखडाट असतो. डोंग्याच्या चबुतऱ्याची रक्कम पंचायत बीजासाठी देत असेल, तर माझा डोंग्याचा आग्रह नाही.

पाळीवरून:
ग्रामसभेत हेच मांडा. बेशरम उपटायची मजुरीही त्यातच धरा, काम मे महिन्यातच झालं पाहिजे. पहिल्या पुराबरोबर मरळ काठाला येते.