ओठ हलवणं गाण्याहून अवघड

टीव्हीवरचे वेल्श पुरुषगायक खरंच गातात की नुसते ओठ हलवतात, असं कुणीतरी विचारलंय. दोन्ही! मी वेल्सची राजधानी कार्डिफ, तिच्याजवळच्या एका क्वायरमध्ये (समूहगायनाच्या संघात) दुसऱ्या टेनरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजांमधल्या जरा खालच्या, रांगेत असतो. आम्ही गायलो त्या टीव्ही मालिकेसाठी आवाज आधीच ध्वनिमुद्रित केला, चॅपेलमधलं (प्रार्थनाघरातलं) चित्रीकरण नंतर. स्वतःच्याच आवाजावर ओठ जुळवायचे, आणि श्वास चुकला की कॅमेरा लगेच पकडतो. एकाच कडव्याचे सात टेक, अंगात ब्लेझर, वर दिव्यांचा उकाडा. सत्तरी ओलांडलेले बेसवाले (खर्जातले गायक) मधूनमधून बाकावर टेकायचे.

मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) धड वाचता येत नाही. पण इथली जुनी मंडळी टॉनिक सोल-फावर (डो-रे-मी अशा अक्षरांच्या स्वरलिपीवर) शिकलेली, आणि त्यातला ‘डो’ अगदी आपल्या ‘सा’सारखा, कुठल्याही पट्टीत सरकणारा. लहानपणी पेटीवर (रडत) गिरवलेले अलंकार असे कामी आले!

बाकी टीव्हीचं इथे कुणाला अप्रूप नाही. बीबीसीच्या ‘साँग्ज ऑफ प्रेझ’ या ख्रिस्ती भक्तिगीतांच्या कार्यक्रमाचा १९६१ मधला पहिलाच भाग कार्डिफच्या टॅबरनॅकल चॅपेलमधला. मी मात्र प्रक्षेपणात जेमतेम दोन सेकंद दिसलो, तेही पुढच्याच्या कानामागून अर्धाच. आईने तेवढंच थांबवून सगळ्या सोसायटीला दाखवलं.