वळचण की पागोळी?

मामेबहिणीने देवबागची घरं जलरंगात काढली आहेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधल्या पुळणीवर माड आणि दोन कौलारू घरं. चुन्याच्या भिंती तिने रंगवल्याच नाहीत, कागद कोरा सोडलाय. तरी भिंतीवर लख्ख ऊन पडलेलं वाटतं, ते छपराखालच्या निळसर-जांभळ्या सावलीच्या पट्ट्यामुळे. कौतुक म्हणून मी तिला लिहिलं, 'पागोळ्यांची सावली अप्रतिम!' आईने लगेच टोकलं, पागोळ्यांना कसली सावली? मग शब्द कोणता? आणि घरापुढची ती छपराखालची जागा, तिला ओसरी म्हणायचं की पडवी?

— वळचण. भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड आणि तिच्याखालची जागा. छपराचा सगळ्यात वरचा भाग ते आढं. 'वळचणीचं पाणी आढ्याला गेलं' ही म्हण त्यातलीच. हल्ली वळचण राजकारणातच जास्त ऐकू येते, कोण कुणाच्या वळचणीला गेलं वगैरे. पागोळ्या म्हणजे त्या कडेवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा. आईंचं बरोबर आहे.

— आमच्याकडे कडेलाही पागोळी म्हणायचे. 'पागोळीखाली उभा राहू नको, भिजशील', हे आजीचं वाक्य.

— अहो, त्यातही पाणी आहेच की! उन्हात कधी म्हणाल्या का आजी?

— नाही आठवत. हरलो.

— आता ओसरी की पडवी ते. पुढे छपराचं वेगळं, बुटकं पाखं उतरलंय ना? मग ती पडवी. पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. दुपाखी, चौपाखी घर म्हणतात ते त्यावरूनच. कौलं मंगलोरी दिसतात. त्यांचा मंगळूरचा पहिला कारखाना १८६५चा, बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचा. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं, नाहीतर झावळ्या. मला विचाराल तर नळीची कौलं रंगवायला जास्त मजा, प्रत्येकाला स्वतःची बारीक सावली असते.

— आणि वळचणीखाली वाळूत ठिपक्यांची ओळ दिसतेय, ती बघितलीत का? पावसाळाभर पागोळ्या एकाच जागी पडून तशा खळग्या होतात. म्हणजे पागोळ्याही आहेत चित्रात, फक्त वाळलेल्या. नजर आहे हो तुमच्या बहिणीला.

— ताईला विचारलं. ब्रश झटकताना उडालेले थेंब आहेत म्हणाली. ते ओळीतच कसे उडाले, यावर गप्प.